गाण्याचे संकलन : ठेका आणि लय

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण मराठी गाण्यांच्या व्हिडिओंवर छापलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे, की हल्लीच्या गाण्यांत दर सेकंदाला चित्र बदलते, त्यामुळे गाणारा चेहरा डोळ्यांत ठरत नाही आणि शब्द कानावर पडूनही मनात उतरत नाहीत. याला मोबाइलवर वाढलेल्या पिढीचा उतावीळपणा कारणीभूत आहे, आणि परदेशी संगीतवाहिन्यांच्या शेजारी बांधल्यामुळे आपल्यालाही त्यांचा गुण लागला आहे. अपवाद म्हणून त्यांनी एका नव्या भावगीताचे कौतुक केले आहे, ज्यात नदीच्या घाटावर बसलेल्या गायिकेवरून कॅमेरा बराच वेळ हलत नाही. त्यांची तक्रार मला मान्य आहे, पण त्यांनी केलेले निदान मान्य नाही. मुंबईच्या एका संकलनकक्षात सहायक म्हणून लागलो तेव्हा फिल्म हाताने कापावी लागत असे; आता कोल्हापुरात घरच्या खोलीत संगणकावर गाणी जोडतो. गाण्यातला शॉट कुठे आणि का तुटतो, हे रोजचे काम म्हणून पाहिलेल्या माणसाने चार गोष्टी सांगितल्या तर त्या वाचकांना उपयोगी पडतील, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे. कापण्याचा अधिकार आपला आहेच; फक्त वाक्याच्या मध्यावर कापू नये, एवढीच एका संकलकाची संपादकांना विनंती.

लेखकांनी जुन्या गाण्यांतल्या 'शांत' कॅमेऱ्याचा दाखला दिला आहे. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला, त्या काळात नटनट्या कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि ते गाणे तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित होई. साथीदारांना कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा आडोशाला बसवायचे, मायक्रोफोन चौकटीच्या जेमतेम बाहेर टांगायचा आणि गाणाऱ्याने त्याच्या टप्प्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, अशी ती पद्धत होती. कॅमेऱ्याच्या यंत्राची घरघर मुद्रणात उतरू नये म्हणून त्यालाही कोंडून ठेवावे लागे. म्हणजे कॅमेरा शांत होता तो अभिरुचीमुळे नव्हे. त्याचे हातपाय बांधलेले होते. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी 'धूप छाँव'साठी गाणे आधी मुद्रित करून मग त्यावर चित्रण केले, आणि पार्श्वगायनाची ही रीत पुढे देशभर रुळली. त्या दिवशी गाण्याचा आवाज आणि गाण्याचे चित्र यांची फारकत झाली. आवाज एका दमात, एका खोलीत तयार होऊ लागला; चित्र मात्र दहा ठिकाणी, दहा दिवसांत, तुकड्यातुकड्यांनी. तुकड्यांत घेतलेले चित्र तुकड्यांतूनच जोडावे लागणार. तेव्हा गाण्यातला कट हा एमटीव्हीचा रोग नव्हे. ती वाहिनी अमेरिकेत १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली, आपल्याकडे तर त्यानंतर दहाएक वर्षांनी आली. आपल्या गाण्यांत कात्री त्याआधी जवळजवळ अर्धशतक चालत होती.

गाण्याचे चित्रण प्रत्यक्षात कसे होते हे बहुतेक प्रेक्षकांनी पाहिलेले नसते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. सेटवर मूळ गाणे ध्वनिवर्धकावर वाजवले जाते, त्यालाच आम्ही प्लेबॅक म्हणतो. पूर्वी हे काम नागरा या टेपरेकॉर्डरवर चाले, आता लॅपटॉपवर चालते; पण पद्धत तीच आहे. गाण्याचे मुखडा, पहिला म्युझिक पीस, अंतरा असे भाग पाडलेले असतात, सहायकाच्या हातात ओळींचा कागद असतो, आणि 'दुसऱ्या अंतऱ्याच्या दोन ओळी आधीपासून' असे म्हटले की त्याने तिथूनच गाणे सुरू करायचे असते. दोन ओळी आधीपासून घेण्याचे कारण असे, की नटाला गाण्यात शिरायला वेळ लागतो आणि आम्हा संकलकांना जोडासाठी पुढेमागे थोडी फिल्म लागते. नटाने नुसते ओठ हलवून भागत नाही, त्याने मोठ्याने गावे लागते, मग तो कितीही बेसूर असो. नुसते ओठ हलवणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा हलत नाहीत, तानेला भुवई उचलली जात नाही, आणि पडद्यावर ते खोटेपण लगेच उघडे पडते.

त्याहून नाजूक गोष्ट श्वासाची आहे. गायिकेने मुद्रणाच्या वेळी ज्या शब्दानंतर श्वास घेतला, तिथेच पडद्यावरच्या अभिनेत्रीनेही तो घ्यायला हवा. ओठ तंतोतंत जुळलेत पण श्वास भलत्याच जागी आहे, असा शॉट पाहताना काहीतरी चुकते आहे एवढेच प्रेक्षकाला जाणवते, काय ते सांगता येत नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते संकलक असा शॉट बिनदिक्कत एनजी, म्हणजे बाद, ठरवत. ओठांच्या जुळणीला तर आकड्यांची मोजपट्टीच आहे. दूरचित्रवाणीच्या वेगात एका सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पंचवीस स्थिर चित्रे, असतात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की प्रेक्षकाला ते कळू लागते; उलट आवाज मागे राहिला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हेच आकडे दिलेले आहेत. कारण उघड आहे. धोबी लांबच्या घाटावर धुणे आपटतो तेव्हा आपल्याला हात आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. आवाज मागून येण्याची कानाला जन्मापासून सवय आहे, आधी येण्याची मुळीच नाही.

ही आवाजाची संथ चाल सेटवर कशी छळते याचा एक अनुभव सांगतो. एका माळावर लेझीमच्या गाण्याचे चित्रण होते, चाळीसेक मुले रांगांत उभी होती आणि ध्वनिवर्धक कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवलेला होता. पुढची रांग अचूक ठेक्यावर, मागची रांग सतत किंचित मागे. नृत्यदिग्दर्शक मागच्या मुलांवर ओरडून ओरडून थकले. मुलांची काहीच चूक नव्हती. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ध्वनिवर्धकापासून ३४ मीटरवर उभ्या असलेल्या मुलाला ठेका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येत होता आणि तो त्याच्या कानाशी प्रामाणिक राहून नाचत होता. एक दशांश सेकंद म्हणजे अडीच फ्रेम. शेवटी तारेने जोडलेला दुसरा ध्वनिवर्धक मागे नेऊन ठेवला तेव्हा रांगा जुळल्या. पण सकाळभर घेतलेले शॉट तसेच होते, आणि ते वापरताना मला लांबचा शॉट दिसू लागला की लगेच जवळच्या शॉटवर पळावे लागत होते. हे गाणे पाहणाऱ्याला वाटले असेल की संकलकाला फार घाई आहे. खरे तर तो मागची रांग लपवत होता.

माझ्या पत्राचा मुद्दा इथेच आहे. दर सेकंदाला तुटणाऱ्या गाण्यांपैकी पुष्कळशी प्रेक्षकाच्या उतावीळपणामुळे तुटत नाहीत. चित्रणाच्या वेळी जे जमले नाही ते झाकण्यासाठी तुटतात. आपला लेख वाचल्यावर मी एका लोकप्रिय गाण्याचे शॉट मोजत बसलो. चार मिनिटांत २११ भरले, म्हणजे एका शॉटला सरासरी सव्वा सेकंदही मिळत नाही. मग तेच गाणे एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिले. नायकाला दुसरा अंतरा पाठ नव्हता. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द त्याच्या तोंडी जुळतो आणि मग कॅमेरा धावत एखाद्या फुलावर, बुलेटच्या चाकावर किंवा नायिकेच्या पाठमोऱ्या केसांवर जातो, कारण पुढचे शब्द जुळतच नाहीत. संकलकापुढे दुसरा रस्ता नव्हता. असे गाणे बहुधा एका दिवसात उरकलेले असते. पहाटे निघायचे, उजेड आहे तोवर किनारा, मंदिराची पायरी आणि उसाचा फड अशी तीन ठिकाणे पळत पळत घ्यायची आणि रात्री भाड्याचा कॅमेरा परत करायचा. हातात धरलेला कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या गिंबलवर कॅमेरा असल्यामुळे तो सतत कुठेतरी तरंगत असतो. शॉटला सुरुवात नाही, शेवट नाही, नुसता मधला भाग आहे. असे मधले भाग जोडायचे तर ते लहान लहानच कापावे लागतात, कारण दोन सेकंदांनंतर पाहणाऱ्याला कळते की या शॉटला कुठे जायचेच नव्हते.

फिल्मच्या काळात ही चैन परवडत नसे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. चारशे फुटांचा डबा साडेचार मिनिटांच्या आत संपतो, म्हणजे एका डब्यात गाणे एकदा कसेबसे पुरे होई. त्यामुळे शॉट सुरू कुठे करायचा आणि संपवायचा कुठे, हे कॅमेरा चालू करण्याआधी ठरवावे लागे. आता कार्डात तासन्‌तास मावतात, मग ठरवायचे कशाला? ठरवण्याचे काम आमच्या टेबलावर ढकलले जाते. मी जुन्या दिवसांची आरती ओवाळत नाही. फिल्म कापताना बोटे कापलेली आहेत आणि तो ॲसिटोनचा वास मला पुन्हा नको आहे.

आता कापण्याविषयी. मला शिकवणाऱ्या संकलकांना कक्षात सगळे दादा म्हणत. गाणे आले की ते आधी रशेसना, म्हणजे चित्रणाच्या कच्च्या रिळांना, हातच लावू देत नसत. स्टीनबेकवर, म्हणजे संकलनाच्या टेबलावर, नुसता मॅग्नेटिक ध्वनिपट्टा चढवायचा, गाणे ऐकायचे आणि पट्ट्यावर ग्रीस पेन्सिलने खुणा करायच्या. जिथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते तिथे लाल खूण आणि गाणारा जिथे श्वास घेतो तिथे पिवळी. मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा माझा पट्टा लालच लाल झाला होता. दादांनी तो पाहिला आणि म्हणाले, "अरे, हा तबलजी झाला. गाणारा कुठे गेला?" कट बहुतेक वेळा पिवळ्या खुणेच्या आसपास पडावा, असा त्यांचा आग्रह असे. श्वासाच्या जागी बघणाराही नकळत सैलावतो, पापणी लवते, आणि नेमक्या त्या क्षणी चित्र बदलले तर ते बदललेले जाणवत नाही. लाल खुणा राखून ठेवायच्या; ढोलकी उसळते तिथे, तीनदा वाजणारा बोल, म्हणजे तिहाई, संपते तिथे त्या वापरायच्या. शिवाय लाल खुणेवरचा कटही नेमका तिच्यावर न ठेवता एखाद-दुसरी फ्रेम आधी ठेवायचा, कारण नवे चित्र ओळखायला डोळ्याला थोडा वेळ लागतो आणि ठोका पडेपर्यंत तो ठिकाणावर आलेला असतो.

हल्ली मोबाइलवरची संकलनाची ॲप गाणे ऐकून ठोक्यांच्या खुणा आपोआप पाडतात, आणि एक बटण दाबले की सारे शॉट त्या खुणांवर बसवून देतात. त्यांचा पट्टा माझ्या पहिल्या पट्ट्यासारखा लालच लाल असतो. सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांनी १९२९ मध्ये संकलनाच्या पद्धतींची फोड करताना ज्या दोन पद्धती वेगळ्या काढल्या, त्यांतला फरक नेमका हाच आहे. एकीत शॉटची लांबी मात्रा मोजून ठरते, आत काय चालले आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते. दुसरीत चौकटीच्या आतली हालचाल, मान वळणे, पदर सरकणे, पाण्यावरची लाट, याही मोजणीत धरल्या जातात. आपल्या भाषेत पहिलीला ठेक्यावर कापणे आणि दुसरीला लयीत कापणे म्हणता येईल. केरवा तालाची मध्यलय मिनिटाला १०० मात्रांची धरली तर पंचवीस फ्रेमच्या वेगात मात्रा बरोबर पंधरा फ्रेमला पडते, आणि यंत्र खूश असते. लय १२० केली की मात्रा साडेबारा फ्रेमला पडते. अर्धी फ्रेम नसतेच, म्हणून एक तुकडा बाराचा आणि पुढचा तेराचा करावा लागतो. यंत्र हे हिशेब माझ्यापेक्षा चांगले करते. पण अभंगात 'विठ्ठल' हा शब्द तीन वेळा आला तर तिन्ही वेळा त्याचे वजन वेगळे असते, दुसऱ्या वेळी गायक किंचित रेंगाळतो आणि तिसऱ्या वेळी अलगद समेवर येतो, याचा हिशेब त्याच्याकडे नाही.

वेगाने कापणे चूकच, असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. फडाच्या लावणीत ढोलकीवाला आणि नाचणारीचे चाळ यांचा सवाल-जवाब रंगतो तेव्हा ढोलकीच्या पुडीवरची बोटे आणि पावले यांच्यात चपळ कट हवेतच. तिथे शॉट लांबवणारा संकलक रसभंग करतो. सवाल जसजसा आखूड होत जातो तसतसा शॉटही आखूड व्हावा, आणि शेवटच्या तोड्यानंतर एकदम सबंध बाई दिसावी, पायांपासून अंबाड्यापर्यंत, आणि मग निदान चार मात्रा कोणी कात्रीला हात लावू नये. वेग तिथे मिळवलेला असतो. पहिल्या सेकंदापासून जे गाणे धापा टाकत असते त्याला पुढे पळायला जागा उरत नाही.

उलट टोकाची उदाहरणेही डोळ्यांसमोर ठेवावीत. विजय आनंद हे दिग्दर्शक आपल्या चित्रपटांचे संकलन स्वतः करीत. १९६५च्या 'गाइड'मधले 'तेरे मेरे सपने' त्यांनी मोजून तीन शॉटमध्ये बसवले. छायालेखक फली मिस्त्री यांचा कॅमेरा दोन जीवांच्या मधल्या अंतराचा माग ठेवत हळूहळू सरकतो. ते जवळ येतात, दूर होतात, पुन्हा येतात. जो कात्री चालवू शकतो त्यानेच ती खाली ठेवली, म्हणून त्या न कापण्याला अर्थ आहे. लेखकांना जी शांतता आठवते ती हीच असणार, पण ती आयती मिळालेली नव्हती. सलग शॉट म्हणजे कॅमेरा, नट, उजेड आणि गाणे या चौघांनी एकाच वेळी अचूक असणे; एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. 'ओके गो' या अमेरिकी बँडने २००६ मध्ये आठ ट्रेडमिल मांडून त्यांवर नाचत आपले गाणे एका सलग शॉटमध्ये घेतले, तेव्हा ते सतराव्या प्रयत्नात साधले. त्यात एकही कट नाही, महागडा कॅमेराही नाही. आणि ज्या परदेशी व्हिडिओंना आपण उतावीळ म्हणतो त्यांतलाच हा एक आहे, हे लेखकांनी लक्षात घ्यावे.

संथ गतीच्या शॉटबद्दलही लेखात एक ओळ आहे, 'सॉफ्टवेअरने काहीही संथ करता येते' अशी. करता येते, पण ओठ जुळवून नाही. सेटवर त्याला हाय स्पीड म्हणतात आणि त्याची युक्ती फिल्मच्या काळापासून चालत आलेली आहे. कॅमेरा सेकंदाला चित्रपटाच्या नेहमीच्या चोवीसऐवजी अठ्ठेचाळीस फ्रेम टिपतो आणि त्याच वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. नटीला चिमणीसारख्या चिवचिवणाऱ्या आवाजावर भराभर गावे लागते. ते चित्र नेहमीच्या वेगाने दाखवले की ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पण केस, पदर, पाऊस हे सारे अर्ध्या वेगाने हलते. माणूस आपल्या वेळेत गातो आहे आणि जग मात्र स्वप्नात असल्यासारखे संथ, असा तो चमत्कार असतो. सगळे संथ केले आणि ओठही संथ झाले तर तो जातो. दुप्पट वेग नटाला झेपत नसेल तर तीस फ्रेम आणि सव्वापट गाणे असा सौम्य मार्गही आहे; त्याने हालचालीला नुसता रेशमी गुळगुळीतपणा येतो, आणि प्रेक्षकाला युक्ती कळतही नाही. 'सैराट'मधल्या 'याड लागलं'मध्ये सुधाकर रेड्डी यक्कंटी यांच्या कॅमेऱ्याने करमाळ्याकडचा तो कोरडा मुलूख संथ गतीत ज्या मायेने पाहिला, त्याची नक्कल पुढे कित्येक वर्षे प्रत्येक तालुक्यात झाली. नकलेत संथपणा उतरला. कोणाकडे पाहताना जग संथ व्हावे, हे मात्र राहून गेले. ही करामत थेट उलटी करणारेही आहेत. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या गायकाने २००२ मधल्या एका व्हिडिओसाठी आपलेच गाणे शेवटाकडून सुरुवातीकडे उलट्या उच्चारांत पाठ केले होते. चित्रण उलटे फिरवले की जग मागे चालते आणि तो मात्र सरळ गातो.

हाय स्पीडची एक खोड इथेच सांगून टाकतो, गावोगावच्या नव्या छायालेखकांना तरी उपयोगी पडेल. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्‌झची, म्हणजे साध्या दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. कॅमेऱ्याचे शटर या वेगाशी जुळले नाही तर जत्रेतल्या दिव्यांच्या माळा चित्रात धडधडू लागतात किंवा आडवे पट्टे सरकत जातात. चोवीस फ्रेमवर चित्रण करताना शटरचा उघडा कोन १८०ऐवजी १७२.८ अंशांवर ठेवला की प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा बरोबर पन्नासावा भाग उजेड मिळतो आणि धडधड थांबते. फ्रेम वाढवल्या की हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तो न मांडल्यामुळे वाया गेलेले शॉट मी दर वर्षी पाहतो, आणि मग त्यांच्यावर ठोक्याठोक्याला पांढरा झगमगाट टाकून 'इफेक्ट आहे' असे म्हणण्याची वेळ येते.

लेखकांच्या तक्रारीला मी माझी एक जोडतो. गाणे आता आडव्या पडद्यासाठी घेतात आणि त्याचा अर्धा मिनिट उभ्या मोबाइलसाठी कापून आधी सोडतात. सोळास नऊ या प्रमाणातल्या आडव्या चित्रातून नऊस सोळा उभा तुकडा काढला तर रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग हाती राहतो. मागे मी एक युगुलगीत कापले, त्यात छायालेखकाने दोघांना चौकटीच्या दोन टोकांना उभे केले होते आणि मधे मोकळे शेत ठेवले होते, कारण गाणेच विरहाचे होते. निर्मात्याने उभी आवृत्ती मागितली. मधोमध कापले तर फक्त शेत येते. एका बाजूने कापले तर एकटा तो किंवा एकटी ती. शेवटी त्यांच्या आग्रहाखातर दोघांना वेगवेगळे कापून ओळीओळीला आलटून पालटून दाखवावे लागले, आणि विरहगीताची जुगलबंदी झाली. आता तर छायालेखकच आधी विचारतात, उभे पण लागणार का? लागणार म्हटले की दोघांना मधोमध चिकटून उभे करतात, मग गाणे भांडणाचे का असेना. चौकटीतली रिकामी जागा ही गाण्यातल्या विरामासारखी असते, आणि आज सगळ्यात आधी कात्री लागते ती तिलाच.

माझी मागणी आपल्या दैनिकाकडे आहे, म्हणूनच हे पत्र लेखकांना न लिहिता आपल्याला लिहिले. आपल्या पुरवणीत गाण्याच्या परीक्षणाखाली एक छोटी चौकट असते; तिच्यात गीतकार, संगीतकार, गायक आणि कलाकार यांची नावे येतात. तिच्यात छायालेखक, संकलक आणि नृत्यदिग्दर्शक यांच्यासाठी जागा करावी. व्हिडिओच्या खाली ही नावे बहुधा असतात, थोडे खाली सरकवले की सापडतात. परीक्षकांनी 'नेत्रसुखद चित्रीकरण' आणि 'वेगवान संकलन' हे शिक्के काही महिने कपाटात ठेवावेत, आणि त्याऐवजी शॉट कुठल्या शब्दावर तुटला, ओठ कुठे सुटले, कुठला शॉट हवा त्याहून आधी संपला, असे काहीतरी नेमके लिहावे. गाण्याचा सूर कोमल निषादावर घसरला तर आपले परीक्षक ते पकडतात आणि त्याबद्दल त्यांचे कौतुकच आहे. पण घसरलेली फ्रेम पकडणारा अजून कोणी दिसत नाही. कोणी पकडणार आहे हे कळले, तर एका दिवसात तीन ठिकाणे उरकू पाहणाऱ्या निर्मात्याला 'अजून एक दिवस द्या' असे म्हणायला आमच्यासारख्यांना थोडे बळ मिळेल.

आणि एक दुरुस्ती. ज्या भावगीताचे त्या लेखात कौतुक आहे, त्यातला घाटावरचा तो शॉट मी पुन्हा जाऊन पाहिला. तो ४१ सेकंदांचा आहे. मधे एकदा वाऱ्याने गायिकेच्या चेहऱ्यावर बट येते आणि ती हाताने बाजूला करत नाही, गातच राहते. तिथे कोणाही संकलकाच्या हाताला कापण्याची सुरसुरी आली असती. त्या ठिकाणी कोणीतरी हात आवरला आहे. आपल्या लेखात गीतकाराचे, संगीतकाराचे, गायिकेचे, एवढेच काय त्या घाटाचेही नाव आहे. ज्याने हात आवरला त्याचे नाही. ते शोधून पुढच्या रविवारी छापावे, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक संकलक, कोल्हापूर